बॉनी रेट : थडग्यावरच्या दगडापासून सुरुवात

सहावी_तार

अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोमो नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत फ्रेड मॅकडॉवेल नावाचा शेतकरी चिरनिद्रा घेतोय. आयुष्यभर कापूस पिकवला आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या लोकांसाठी गिटार वाजवली. १९५९ साली अ‍ॅलन लोमॅक्स हा लोकसंगीताचा संग्राहक ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन त्याच्यापर्यंत पोचला, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाला हा माणूस कळला. १९७२ मध्ये तो गेला. त्याच्या थडग्यावर जो दगड होता त्यावर त्याचं आडनावसुद्धा चुकलेलं होतं. ऑगस्ट १९९३ मध्ये तिथे नवा दगड बसला. त्यावर नाव नीट कोरलेलं आहे आणि फ्रेडचं चित्रही आहे. पैसे दिले बॉनी रेटने, अमेरिकेतल्या एका गायिका-गिटारवादक बाईने.

पुढे १९९६ मध्ये त्याच राज्यातल्या वॉल्स गावी आणखी एक दगड बसला, मेम्फिस मिनीच्या थडग्यावर. पुरुषांच्या बरोबरीने, कित्येकदा त्यांच्यापेक्षा सरस गिटार वाजवणारी ही बाई १९७३ मध्ये वारली आणि तेवीस वर्षं तिच्या थडग्यावर नावाची खूणसुद्धा नव्हती. तो दगडही बॉनीच्याच पैशातून.

बॉनी रेटवर लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं. ग्रॅमी किती आणि अल्बम किती ही माहिती कुणालाही सापडेल. मला या दगडांपासून सुरुवात करायची होती, कारण माझ्या मते तिची सगळी कारकीर्द एकाच शब्दात बसते : उतराई. ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं देणं ती पन्नास वर्षं फेडते आहे.

जन्म ८ नोव्हेंबर १९४९, कॅलिफोर्नियातलं बरबँक. वडील जॉन रेट हे ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतले गाजलेले गायक-नट, आई पियानो वाजवायची. घर क्वेकर पंथाचं, म्हणजे युद्धाला विरोध, साधी राहणी आणि समाजाचं काही देणं लागतो ही शिकवण. आठव्या वर्षी नाताळात तिला स्टेला कंपनीची गिटार मिळाली. चौदाव्या वर्षी न्यूपोर्ट महोत्सवात गायलेल्या ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत) कलाकारांची एक तबकडी तिच्या हाती पडली आणि ती ऐकून ऐकून तिने गिटार बसवली. शिक्षक कुणी नव्हता. तारांवर सरकवायची काच कुठल्या बोटात घालायची हेही कुणी सांगितलं नाही, म्हणून तिने ती मधल्या बोटात घातली आणि आजही तिथेच घालते.

१९६७ मध्ये ती बॉस्टनजवळच्या रॅडक्लिफ कॉलेजात गेली. टांझानियात जाऊन काम करायचं तिच्या डोक्यात होतं. तिथे तिला डिक वॉटरमन भेटला. विस्मृतीत गेलेल्या कृष्णवर्णीय ब्लूज कलाकारांना शोधून काढायचं, त्यांचे कार्यक्रम लावायचे, त्यांना बिदागी वेळेवर मिळेल हे बघायचं, हे त्याचं काम. सन हाउस नावाच्या थोर गायकाला १९६४ साली रॉचेस्टर शहरात शोधून काढणाऱ्यांत तो होता. वॉटरमनच्या ओळखीने विशीतली ही मुलगी एकदम त्या म्हाताऱ्यांच्या बैठकीत जाऊन बसली. त्यांच्याबरोबर गाडीतून फिरली, त्यांच्या आधी मंचावर गायली. मॅकडॉवेलने तिला स्लाइड, म्हणजे तारांवर काच सरकवत वाजवणं, दाखवलं. त्यानंतर कॉलेज मागे राहिलं ते राहिलंच.

पहिला अल्बम १९७१ चा. मिनेसोटा राज्यात मिनेटोंका नावाचं मोठं तळं आहे. त्यातल्या एका बेटावर मुलांच्या सुट्टीतल्या शिबिराची रिकामी जागा होती, तिथे फक्त चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळे एकत्र बसून वाजवत तो मुद्रित केला. ज्युनियर वेल्सची हार्मोनिका आहे त्यात. आजही ऐकताना खोलीतली हवा ऐकू येते.

नंतरची बारा वर्षं मी भरभर सांगते. जवळपास दर दीड-दोन वर्षांनी एक अल्बम, जाणकारांची वाहवा, विक्री बेताची, सतत दौरे, आणि दौऱ्यांबरोबर वाढत गेलेली दारू. १९८३ मध्ये नवा अल्बम हातावेगळा केला आणि लगेच कंपनीने तिच्याशी करार संपवल्याचं कळवलं. तो अल्बम १९८६ पर्यंत पडून राहिला. १९८७ मध्ये तिने दारू सोडली. मार्च १९८९ मध्ये नवी कंपनी आणि डॉन वॉझ हा निर्माता घेऊन दहावा अल्बम आला, 'निक ऑफ टाइम'. वय एकोणचाळीस. वय वाढणं, आईवडिलांचं म्हातारपण, मूल होण्याची वेळ निघून जाणं अशा गोष्टी रॉक संगीतात तेव्हा फारसं कुणी गात नव्हतं. फेब्रुवारी १९९० मध्ये त्याला तीन ग्रॅमी मिळाल्या, त्यांत वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचीही होती. एप्रिलमध्ये, म्हणजे बाजारात आल्यावर वर्षभराने, तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोचला.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. कुणी ऐकलं असेल तर जरूर लिहा.

---

नवशिका_गिटारी

सुंदर लेख. मी सहा महिन्यांपासून गिटार शिकतोय. स्लाइडचा प्रयत्न केला तर नुसता खडखडाट होतो. तुम्ही वाजवता का? आणि ट्यूनिंग काय ठेवायचं?

---

सहावी_तार

वाजवते. सुरुवातीला सगळ्यांचा खडखडाटच होतो, कारण आपण सवयीने तार दाबायला जातो. इथे दाबायचं नाही. काच तारेवर फक्त टेकवायची, आणि फ्रेटच्या पट्ट्यांच्या मधोमध टेकवायची नाही, बरोबर पट्टीच्या डोक्यावर टेकवायची. किंचित मागे राहिली की सूर उतरलेला, किंचित पुढे गेली की चढलेला. दुसरी गोष्ट, काचेच्या मागची बोटं तारांवर हलकी ठेवा म्हणजे मागचा गुणगुणाट बंद होतो. उजव्या हातानेही नको त्या तारा धरून ठेवाव्या लागतात. माझे पहिले दोन महिने फक्त तारा गप्प ठेवायला शिकण्यात गेले.

ट्यूनिंग : बॉनी बहुतेक वेळा ओपन ए वापरते. खालून वर ए स्वराच्या घरातल्या तारा : ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. नुसता हात फिरवला की पूर्ण कॉर्ड वाजते. तीन तारा चढवाव्या लागतात, तेव्हा जुन्या तारांवर करू नका, तुटतात. तेच नातं एक स्वर खाली ठेवलं की ओपन जी होतं, नव्या माणसाने तिथून सुरुवात करावी.

काच म्हणजे बाटलीची मान. कापून कडा घासलेली. जड काच घ्या, हलक्या काचेत सूर टिकत नाही. मॅकडॉवेलने आधी खिशातला चाकू वापरला, मग काच. त्याच्या लहानपणी घरातले एक वडीलधारे गुराच्या बरगडीचं हाड घासून गुळगुळीत करून वाजवायचे.

---

मिरजेचा

हाड, चाकू, काच हे वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे विचित्र वीणेवर काचेचा बट्टा फिरवतात, तत्त्व हेच. पडद्याचा आधार सोडून दिला की दोन सुरांमधली सगळी जागा वाजवणाऱ्याची होते. पं. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर राग वाजवले तेही असंच सरकवून.

तुम्ही लिहिलंय म्हणून आज बॉनीबाईंचं ऐकलं. मला सगळ्यात भावलं ते त्यांचं थांबणं. एक सूर लावतात, तो वरच्या सुराकडे निघतो आणि पोचायच्या जरा आधी त्या सोडून देतात. पुढचं आपण मनात पूर्ण करतो. आणि तोच सूर त्या पुढच्या ओळीत गळ्यातून लावतात. गळा आणि तार एकाच माणसाचे आहेत हे कानाला कळतं.

---

खर्जातला

लेख मनापासून आवडला, तरी एक प्रश्न विचारतो. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत बडी गाय या ब्लूज गिटारवादकाला ऐकलं होतं, तेव्हापासून ब्लूज माझ्या जवळचा आहे. हे संगीत गुलामगिरीतून आलेल्या माणसांचं. त्यांच्यातले कित्येक कंगाल मेले. आणि एका प्रसिद्ध नटाची गोरी मुलगी तेच गाऊन ग्रॅमी घेते. थडग्यावर एक दगड बसवला म्हणजे हिशेब पुरा होतो का? मला उत्तर खरंच हवंय.

---

सहावी_तार

खर्जातला, प्रश्न रास्त आहे, आणि तो बॉनी स्वतः वर्षानुवर्षं जाहीरपणे बोलत आली आहे. दगडाने हिशेब पुरा होत नाही. म्हणून दगडाच्या आधीचं सांगते.

चाळीस-पन्नासच्या दशकांत कृष्णवर्णीय गायकांशी कंपन्या जे करार करायच्या, त्यांत विक्रीतला कलाकाराचा वाटा अगदी किरकोळ असायचा. त्यातूनही स्टुडिओचं भाडं, वादकांचे पैसे, प्रवास, सगळं कलाकाराच्या नावे खर्ची पडायचं. वही कंपनीकडे. म्हणजे आपल्याकडच्या सावकारासारखंच : पीक दरवर्षी त्याच्या घरी जातं आणि वहीत शेतकरी कायम देणेकरी. रूथ ब्राउनचं उदाहरण घ्या. अटलांटिक ही कंपनी तिच्या गाण्यांवर उभी राहिली असं लोक म्हणायचे, इतकी ती खपायची. तीच रूथ ब्राउन साठच्या दशकात लोकांच्या घरी धुणीभांडी करत होती, शाळेची बस चालवत होती. तिची गाणी विकली जातच होती, आणि कंपनीच्या वहीप्रमाणे पैसे तिच्याकडूनच येणं होतं.

हॉवेल बेगल नावाच्या वकिलाला हाताशी धरून ती लढली. १९८८ मध्ये कंपनीने तिची आणि आणखी पस्तीस कलाकारांची जुनी 'कर्जं' रद्द केली आणि मागची थकलेली रॉयल्टी द्यायचं मान्य केलं. त्याच वर्षी रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभं राहिलं, जुन्या कलाकारांना औषधपाण्याला, घरभाड्याला मदत करण्यासाठी. बॉनी त्याच्या संस्थापकांपैकी एक. लक्षात घ्या, १९८८ मध्ये तिचे स्वतःचे दिवसही अजून फिरले नव्हते. जुनी कंपनी सुटलेली, यश अजून वर्षभर लांब.

आणि यश आल्यावर तिने काय केलं, तर चार्ल्स ब्राउनला आपल्याबरोबर दौऱ्यावर नेलं. चाळीसच्या दशकात ज्याचं गाणं घरोघरी वाजत होतं, तो पियानोवादक सत्तरीकडे झुकलेला आणि विसरला गेलेला. तिच्या हजारो श्रोत्यांसमोर तो रोज बसला. त्याला नवे अल्बम मिळाले, पुढची जवळपास दहा वर्षं, १९९९ मध्ये जाईपर्यंत, तो मानाने वाजवत राहिला.

एवढ्याने हिशेब पुरा होतो असं मी म्हणत नाही. पण घेणारे शेकडो होते. घेतलंय हे कबूल करून वही उघडायला लावणाऱ्यांत फार थोडे होते.

---

खर्जातला

वहीचा भाग मला ठाऊक नव्हता. आभार. माझा प्रश्न तिच्यापुरता मी मागे घेतो, बाकीच्यांसाठी ठेवतो.

---

डेट्रॉइटकर

बावीस वर्षं मिशिगनमध्ये आहे, म्हणून आमच्या गावच्या सिपी वॉलेसबद्दल लिहिलंच पाहिजे. १८९८ चा जन्म, टेक्सासमध्ये वाढली, १९२० च्या दशकातली मोठी ब्लूज गायिका. मग डेट्रॉइटला आली आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवत तीस-चाळीस वर्षं काढली. ब्लूज जवळजवळ सुटलाच होता. साठच्या दशकात ती पुन्हा गायला लागली.

बॉनीने पहिल्याच अल्बममध्ये सिपीची दोन गाणी घेतली. त्यातलं 'विमेन बी वाइज' हे तर तिचं कायमचं गाणं झालं. बाई बाईला शहाणपण सांगते आहे असं ते गाणं आहे : आपल्या माणसाची तारीफ चारचौघींत करू नका. विशीतल्या मुलीच्या तोंडी ते ऐकताना हसू येतं आणि ते पटतंसुद्धा. १९७२ मध्ये अ‍ॅन आर्बरच्या महोत्सवात दोघी एकत्र गायल्या. त्या ध्वनिमुद्रणात लोकांचा जो आवाज आहे ना, तो ऐकाच.

पुढे बॉनीच्या खटपटीमुळे सिपीला अटलांटिकबरोबर करार मिळाला, वयाच्या ऐंशीनंतर. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. १ नोव्हेंबर १९८६ ला सिपी गेली. तो तिचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस होता.

सहावी_तार, तुम्ही उतराई म्हणालात ते बरोबरच आहे. मला त्यात माया पण दिसते. मंचावर ती सिपीशी वागायची ते आजीशी वागावं तसं.

---

पानशेत_वारा

धाग्यात दारूचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. मला तिथे थांबावंसं वाटतं.

मी स्वतः तबला वाजवतो, आणि नऊ वर्षांपूर्वी दारू सोडली. सोडायच्या आधीची सगळ्यात मोठी भीती तब्येतीची नव्हती. हात जाईल, ही होती. दोन पेग पोटात असले की लय मोकळी होते असं मनाने पक्कं धरलेलं असतं. ते गेलं तर आपल्यात काय उरेल?

बॉनीने हीच भीती सांगितली आहे. ब्लूज गायचा तर तसं जगलंच पाहिजे, रात्र जागवलीच पाहिजे, अशी तिची समजूत होती. ती भीती मोडली स्टीव्ही रे वॉनमुळे. टेक्सासचा हा गिटारवादक १९८६ मध्ये कोसळला, उपचार घेतले, आणि परत आला तो आधीपेक्षा चांगला वाजवत. तिने ते डोळ्यांनी पाहिलं आणि १९८७ मध्ये एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकीला गेली. ऑगस्ट १९९० मध्ये स्टीव्ही हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला, अवघा पस्तीस वर्षांचा. १९९१ चा 'लक ऑफ द ड्रॉ' हा अल्बम तिने त्याला अर्पण केला.

माझ्याही बाबतीत एक माणूस होता, ज्याला मी कोरडा राहून वाजवताना पाहिलं. कुणाला तरी पाहावं लागतं. सांगून कळत नाही.

---

सहावी_तार

पानशेत_वारा, तुमचं खरं आहे, मी तिथून घाईने पुढे गेले. हे लिहिलंत म्हणून धागा पूर्ण झाला. नऊ वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन.

---

आवाजवेडी

गिटारवर सगळे बोलले, मी आवाजावर बोलते. त्याच १९९१ च्या अल्बममधलं 'आय कान्ट मेक यू लव्ह मी'. गाणं तिचं नाही, माइक रीड आणि अ‍ॅलन शँबलिन यांचं आहे. माइक रीड आधी अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता. त्याने वर्तमानपत्रात बातमी वाचली : एका माणसाने दारूच्या नशेत प्रेयसीच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. न्यायाधीशाने विचारलं, यातून काय शिकलास? तो म्हणाला, बाईचं प्रेम नसेल तर ते जबरदस्तीने आणता येत नाही. त्या उत्तरातून हे गाणं झालं.

बॉनी यात गिटार वाजवत नाही. पियानो ब्रूस हॉर्न्सबीचा. आवाज कुठेही चढत नाही. इतकं दुःखाचं गाणं मिळाल्यावर दुसरी कुणी शेवटी टाहो फोडला असता. ही शेवटच्या कडव्यात आणखी खाली येते, जवळजवळ बोलल्यासारखी. तिने ते एकाच दमात मुद्रित केलं. पुन्हा गाऊन पाहिलं, पण पहिल्यासारखं आलं नाही, म्हणून पहिलंच ठेवलं.

ज्यांना इंग्रजी गाण्यांची सवय नाही त्यांनी हे रात्री, दिवे मालवून, हेडफोन लावून ऐका. शब्द कळायची फारशी गरज पडत नाही.

---

नवशिका_गिटारी

ऐकलं. दोनदा. तिसऱ्यांदा हिंमत झाली नाही.

तिचं अलीकडचं काही आहे का? की आता निवृत्त?

---

सहावी_तार

निवृत्त कुठली. स्वतःची कंपनी काढली, रेडविंग नावाची. २०२२ मध्ये 'जस्ट लाइक दॅट' हा अल्बम आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या शीर्षकगीताला वर्षातल्या सर्वोत्तम गीताची ग्रॅमी मिळाली. स्पर्धेत बियॉन्से, अ‍ॅडेल, टेलर स्विफ्ट. तेव्हाच्या अमेरिकन अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांनी पाकीट उघडून नाव वाचलं तेव्हाचा तिचा चेहरा नक्की बघा. तोंड उघडं राहिलंय, हात छातीवर, दोन क्षण ती उठतच नाही. त्र्याहत्तर वर्षांची बाई. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर कितीतरी जण विचारत होते, ही कोण? डिसेंबर २०२४ मध्ये केनेडी सेंटरचा सन्मानही मिळाला.

ती त्याच गिटारवर वाजवते. १९६९ साली १२० डॉलरला घेतलेली फेंडर कंपनीची जुनी स्ट्रॅटोकास्टर. रंग उडालेला, नुसतं तपकिरी लाकूड. तेव्हापासूनच्या प्रत्येक कार्यक्रमात ती आहे. फेंडर कंपनीने जिच्या नावाची गिटार काढली अशी ती पहिली बाई, १९९५ मध्ये. त्या गिटारच्या विक्रीतला तिचा वाटा गरीब वस्त्यांतल्या मुलामुलींना गिटार शिकवण्यासाठी जायचा.

त्या ग्रॅमीच्या गाण्याची गोष्ट : तिने टीव्हीवर बातमी पाहिली. एका आईचा मुलगा गेला होता, त्याचं हृदय दुसऱ्या माणसाला बसवलं होतं. त्या माणसाने आईला घरी बोलावलं आणि म्हणाला, छातीवर डोकं ठेवून ऐका. बॉनीने ती आई होऊन गाणं लिहिलं. गिटारची दोन-तीन बोटं आणि आवाज, बाकी फार काही नाही.

---

रात्रपाळी

मी इथे कधी लिहीत नाही, वाचते फक्त. पुण्यात एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. अवयवदानाच्या वेळी मी त्या खोलीत अनेकदा उभी राहिले आहे.

आमच्याकडे दोन्ही घरांची एकमेकांना ओळख करून देत नाहीत. हृदय कुणाला गेलं हे आईला सांगत नाहीत. नियम बरोबर आहे, त्यामागची कारणं मला माहीत आहेत. पण पेटी घेऊन टीम निघते, लिफ्टचं दार बंद होतं, आणि आई त्या बंद दाराकडे बघत उभी असते. दर वेळी. कुणी विचारतात, कुठे चाललंय? आम्ही म्हणतो, वेळेत पोचेल, काळजी करू नका.

काल ड्युटी संपल्यावर बसमध्ये हे गाणं ऐकलं. इंग्रजी सगळं कळलं नाही. सहावी_तार यांनी गोष्ट सांगितली होती म्हणून ती जागा कळली, जिथे ती छातीला कान लावते. तिथे बॉनीबाई आवाज अजिबात बदलत नाहीत. आधीच्या ओळीसारखीच ती ओळ म्हणतात.

त्या आयासुद्धा तशाच बोलतात. अगदी साध्या आवाजात. चहा घेणार का विचारलं तर हो म्हणतात.

---

सहावी_तार

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद मी सकाळपासून चार वेळा वाचला.

ते गाणं मी गिटारवर बसवायला घेतलंय. बसलं की इथेच कळवते.